खराट्याची भाषा

पूर्णा नदी वऱ्हाडात ज्या काळ्या मातीतून वाहते, ती माती उन्हाळ्यात दगडासारखी कठीण असते आणि ओली झाली की लोण्यासारखी निसरडी होते. अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुक्यात, ऋणमोचन येथे, या नदीच्या काठी मुद्गलेश्वराचे देवस्थान आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. विसाव्या शतकाच्या आरंभी या यात्रेस येणारी माणसे स्नानासाठी काठ उतरताना घसरत. म्हातारीकोतारी पडत आणि भरल्या घागरी घेऊन चढणाऱ्या बायकांचे हाल होत. हे दरवर्षी घडे आणि दरवर्षी लोक कपडे झटकून घरी जात. देवाच्या दारी थोडे सोसावेच लागते, अशी त्यांची समजूत होती. अंगावर चिंध्या पांघरलेल्या एका तरुणाला मात्र ती पटली नाही. त्याने कोणाला उपदेश केला नाही आणि सावधगिरीची सूचनाही दिली नाही. फावडे-घमेले घेऊन तो काठाची माती कापू लागला. येणारे-जाणारे आधी थबकले, मग हसले आणि शेवटी त्यांतले काही त्याच्यासोबत कामाला लागले. १९०८ च्या सुमारास ऋणमोचनला पूर्णेवर बांधलेला घाट उभा राहिला, त्यामागे हा माणूस होता. महाराष्ट्र त्याला पुढे गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला.

कारखान्यातील सुरक्षिततेचे शास्त्र आज जे शिकवते, त्याचा पहिला धडा असा की धोका आधी मुळातूनच काढून टाकावा. ते न जमल्यास त्याला आडोसा घालावा. फलक, चित्रे, शिरस्त्राणे आणि हातमोजे ही त्यानंतरची पायरी होय. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ ठिकाणी क्रम उलटा लागतो. फलक पहिल्या दिवशी लागतो आणि निसरडी जागा वर्षानुवर्षे तशीच राहते. गाडगेबाबांनी हे शास्त्र ऐकले असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही त्यांच्या साऱ्या आयुष्यात हा क्रम कधी उलटलेला दिसत नाही. ते स्वतःच एक चालताबोलता फलक होते, पण लोकांना धोका दाखवून ते पुढे निघून गेले नाहीत. दाखवता दाखवता तो त्यांच्याकडून दूर करवून घेतला.

त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे, परिटाच्या घरी झाला. दुसऱ्यांचे मळके कपडे धुऊन स्वच्छ करून देणे हा घराचा परंपरागत व्यवसाय होता. घाण एकाने करावी आणि ती दुसऱ्याने जन्माने नेमलेले काम म्हणून काढावी, ही गावगाड्यातली वाटणी या मुलाने पाळण्यातच पाहिली असणार. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि डेबूजी अवघा आठेक वर्षांचा असताना वारले. आई सखूबाई मुलाला घेऊन माहेरी आली. माहेर अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरे या गावी होते.

दापुऱ्याला डेबूजीची शाळा भरली ती गोठ्यात आणि शेतात. गुरे राखणे, शेण काढणे, नांगर धरणे, रात्री पिकाची राखण करणे ही सारी कामे त्याने केली आणि मन लावून केली. शेती हा त्याच्या दृष्टीने केवळ पोटाचा उद्योग नव्हता. ते कौशल्याचे काम होते आणि ते नीटनेटके केलेच पाहिजे असा त्याचा हट्ट असे. कामाच्या जागेविषयीची ही नजर त्याने पुढे कधी सोडली नाही. संतांच्या चरित्रात बालपणीच्या भक्तीच्या कथा शोधण्याची आपल्याकडे रीत आहे. या चरित्रात शोधायचेच असेल तर झाडलेला गोठा शोधावा.

मामा चंद्रभान यांना अक्षरओळख नव्हती. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते न कळताच अंगठे उठत गेले आणि एके दिवशी चांगली जमीन हातची गेली. या धक्क्याने मामा खचले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. राबत्या वयाच्या डेबूजीने तेव्हा जे पाहिले त्याचा अर्थ त्याने स्वतःपुरता लावून घेतला. अक्षर ज्याच्या हाती, त्याच्या हाती शेत. मुलांना शिकवा हा त्याचा पुढला ध्यास येथून सुरू झाला. त्याच वेळी दुसरीही एक गोष्ट त्याला उमगली असावी. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्याशी बोलायचे तर कागद उपयोगाचा नाही. १९०१ च्या जनगणनेत देशात शंभरांतील जेमतेम पाच-सहा माणसे साक्षर निघाली होती. अशा मुलखात भिंतीवर लिहिलेली सूचना भिंतच वाचणार!

१८९२ मध्ये कुंताबाईंशी विवाह झाला. मुलगी झाली तेव्हा बारशाच्या जेवणात दारू आणि मटण असणार हे नातलगांनी गृहीत धरले होते. डेबूजीने गोडाचे जेवण वाढले. पंगतीत कुजबुज झाली, रुसवेफुगवे झाले, पण त्याने वाद घातला नाही. पत्रावळीवर काय वाढले आहे हे सर्वांना दिसत होते आणि जे सांगायचे ते त्या पानाने सांगितले होते. पुढे ज्या पद्धतीने त्यांनी सारा महाराष्ट्र हलवला, तिचा हा पहिला प्रयोग म्हणायला हरकत नाही.

१८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने वऱ्हाड होरपळून निघाले. कापसाच्या पैशावर अकोला-अमरावतीच्या बाजारपेठा आणि जिनिंगचे कारखाने उभे राहत होते, तर खेड्यांत माणसे आणि जनावरे अन्नपाण्यावाचून तडफडत होती. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा खारपाणपट्टा म्हणजे विहिरीला पाणी लागले तरी ते पिण्याजोगे असेलच असे नाही. अशा मुलखात नदीचा काठ आणि पाणवठा घाण करणे म्हणजे गावाने आपल्याच ताटात माती कालवण्यासारखे होते. १ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले.

यानंतर जो माणूस लोकांच्या दृष्टीस पडू लागला, त्याचे वर्णन थोडे थांबून करायला हवे. डोक्यावर फुटक्या गाडग्याचे खापर. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच. अंगात निरनिराळ्या रंगांच्या चिंध्या जोडून केलेला झगा. पायांत दोन वेगळ्या जातींची पादत्राणे आणि हातात काठी किंवा खराटा. एवढ्यावर कोणाचीही नजर खिळावी. पोरे मागे लागत, कुत्री भुंकत, पारावरची माणसे वेडा म्हणून हसत. हे हसू बाबांना हवेच होते, असे त्यांचा क्रम पाहिला की वाटते. गावात नवा माणूस आला हे दवंडी न पिटता घरोघरी पोहोचे.

तरीही या वेषाला निव्वळ सोंग म्हणणे अन्यायाचे होईल. त्यातली प्रत्येक वस्तू कामाची होती. गाडग्याचे खापर उन्हात टोपी, भुकेच्या वेळी ताट आणि तहानेला भांडे होई. चिंध्यांचा झगा कोणीही चोरणार नाही असा आणि शेणामातीत मळला तरी खंत वाटू नये असा. खराटा हे तर हत्यारच. आपला कामाचा पोशाख आणि आपली अवजारे यांचेच त्यांनी बोधचिन्ह करून टाकले होते. टाकाऊ म्हणून गावाने उकिरड्यावर फेकलेल्या वस्तू अंगावर घालून तोच माणूस गावाचा उकिरडा साफ करू लागे, तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात जे काही हलत असेल त्याला शब्दांची गरज नव्हती. लोकांनीही त्यांना नावे दिली ती या दिसण्यावरूनच. कोठे चिंधेबुवा, कोठे गोधडेबुवा, कोकणात लोटके महाराज आणि वऱ्हाडात गाडगेबाबा. त्यांनी स्वतः स्वतःला कोणतेही नाव दिले नाही, हे येथे नोंदवले पाहिजे.

गावात शिरल्यावरचा त्यांचा दिनक्रम ठरलेला असे. आधी रस्ते, मग गटारे, मग पाणवठ्याची जागा. कोणाशी बोलणे नाही, कोणाची परवानगी नाही. दुपार झाली की एखाद्या दारी भाकर मागायची, तीही आधी काहीतरी काम करून. शेतावर गेले तर शेतकऱ्याला हात द्यायचा, मगच त्याच्या शिदोरीतला कोरका. फुकटची भाकर त्यांनी स्वीकारली नाही आणि कामाच्या मोबदल्यात पैसाही घेतला नाही. संध्याकाळपर्यंत एखाददुसरा गावकरी लाजेने का होईना, खराटा हाती घेई. मग रात्री कीर्तन. दिवसभर गावाचे अंगण झाडले, आता डोकी झाडायची, असा तो हिशेब होता. गोपाळाच्या नावाचा गजर झाला की बाबा अस्सल वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारू लागत आणि उत्तरे त्यांच्याकडूनच काढून घेत. कर्ज काढून सण करू नये, दारूला शिवू नये, देवाच्या नावाने मुके जनावर कापू नये, शिवाशिव पाळू नये, मुलाला शाळेत घालावे, एवढेच सांगणे. ग्रंथांचे दाखले नाहीत, संस्कृत नाही. पण त्याच गावात सकाळी जे दिसले होते तो त्यांचा दाखला असे. कीर्तन संपले की पाया पडायला धावणाऱ्यांना ते काठी उगारून पळवून लावीत.

त्याच वऱ्हाडातील यावलीचे तुकडोजी महाराज खंजिरीच्या तालावर भजनांतून ग्रामसुधारणेचा संदेश देत होते आणि पुढे त्यांनी ग्रामगीता लिहिली. दोघांचे ध्येय एक आणि परस्परांविषयी आदरही मोठा. एकाने शब्दाचे माध्यम निवडले, दुसऱ्याने दृश्याचे. अमरावती जिल्ह्याला हे दोघेही एकाच काळात लाभले, याचे भान जिल्ह्याबाहेरच्यांना क्वचित असते.

नेमक्या याच काळात अमेरिकेत पोलादाचे कारखाने आणि रेल्वे यांतील अपघातांनी मालकवर्गही अस्वस्थ झाला होता. तेथे १९१३ च्या सुमारास राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली आणि कारखान्यांच्या भिंतींवर चित्रफलक झळकू लागले. चित्रेच का, तर कामगार युरोपातील नाना देशांतून आलेले, एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही आणि इंग्रजी तर अनेकांना येतच नाही. कापलेले बोट, उघडे दातेरी चाक, तुटलेली शिडी यांची चित्रे सर्वांना कळत. भारतात अशी परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली आणि तो दिवस सुरक्षा दिन म्हणून पाळला जाऊ लागला. वऱ्हाडातील निरक्षर शेतमजुरापुढे अडचण तीच होती. फरक एवढाच की अमेरिकेत चित्र काढणारा निराळा, लावणारा निराळा आणि ज्याचे बोट जायचे तो निराळा. दापुऱ्याच्या या माणसाने तिन्ही एकाच देहात आणले.

पंढरपूरच्या वारीत हे सर्वांत स्पष्ट दिसले. लाखो माणसे चंद्रभागेच्या वाळवंटात उतरत आणि त्यांच्यामागे राहिलेली घाण त्याच पाण्यात मिसळे. यात्रा आणि पटकी यांची जोडी तेव्हा ठरलेली होती. वारकरी गावी परतत आणि पटकीची साथही गावोगावी पोहोचे. बाबा पंढरपूरला जात, पण राऊळात जाण्याऐवजी वाळवंट झाडत बसत. विठ्ठलाच्या दारी येऊन विठ्ठलाकडे पाठ फिरवून खराटा मारणारा माणूस, हे दृश्य वारकऱ्याच्या मनात किती खोल गेले असेल! दर्शनाच्या रांगेतून परतणारे कितीतरी जण वाकून केर उचलू लागत. मूर्तीच्या समोर उभे राहून जे शिकवता आले नसते, ते त्यांनी मूर्तीकडे न जाता शिकवले.

त्यानंतरची कामे थोडक्यात सांगता येतील, कारण ती दगडविटांत उभी आहेत. पंढरपूरला १९१७ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा, मूर्तिजापूरला गोरक्षण, शिवाय ठिकठिकाणी शाळा आणि वसतिगृहे. कराडला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ मध्ये काढलेल्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. त्याच वर्षी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली. खेड्यातून आलेल्या रुग्णाचे नातलग पदपथावर झोपतात, तेथेच स्वयंपाक करतात आणि स्वतःच आजारी पडतात, हे पाहून ती उभी राहिली. रुग्णालयाच्या भिंतीआतील आरोग्य सरकार पाहील, भिंतीबाहेरचे कोण पाहणार, हा त्यामागचा विचार दिसतो. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले. त्यांतला एक पैसा स्वतःच्या खापरात पडू नये, याची त्यांनी लेखी व्यवस्था केली. संस्था विश्वस्तांच्या नावे झाल्या आणि आपल्या नातलगांचा त्यांवर हक्क राहणार नाही असे ठरवून दिले. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले. अक्षराशी ज्याचा संबंध नव्हता, तो आता अक्षरांत आला होता.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर गेले. बाबांचे शरीर आधीच थकले होते. या बातमीने ते अगदी मोडून गेले. १९५६ च्या डिसेंबरातच, २० तारखेच्या पहाटेपूर्वी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाच्या परिसरात गाडीतच त्यांचा प्राण गेला. ज्याने आयुष्य रस्ते झाडण्यात घालवले त्याला मृत्यूही रस्त्यावरच आला. अमरावतीत जेथे त्यांचा देह विसावला तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो आणि तेथे त्यांचे समाधिमंदिर आहे.

मृत्यूनंतर त्यांचे चित्र त्यांच्यापेक्षा दूरवर गेले. २० डिसेंबर १९९८ रोजी टपाल तिकीट निघाले. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना राज्य सरकारने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. तेव्हा खेड्याखेड्यांतील भिंतींवर खराटा घेतलेले बाबा रंगवले गेले. हे अभियान केवळ रंगाचे नव्हते हे मान्य केले पाहिजे. त्या एक-दोन वर्षांत अनेक गावांनी खरोखर खराटे हाती घेतले, शौचकूप बांधले, सांडपाण्याची वाट लावली. गावाची भिंत आणि गावाचा हात काही काळ एकत्र चालले.

शहरांत मात्र चित्र आणि काम यांची फारकत होत गेली. खराटा हाती घेणाऱ्या बाबांची तसबीर कचेरीच्या भिंतीवर टांगली जाते आणि त्याच कचेरीखालच्या गटारात उतरणारा माणूस विनामोजे, विनाबूट उतरतो. बाबांनी गटार साफ केले ते स्वेच्छेने, उघड्या आकाशाखाली, गावाला लाज वाटावी म्हणून. बंद मॅनहोलमध्ये उतरणारा माणूस पोटासाठी उतरतो आणि त्याच्या मरणाची लाज कोणालाच वाटत नाही. हाताने मैला काढण्याची प्रथा बंद करणारा आणि ती कामे करणाऱ्यांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा कायदा २०१३ मध्ये झाला. गटारात मृत्यू आल्यास कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ती रक्कम तीस लाखांवर नेली. गटारात माणूस उतरवण्याची पाळीच येऊ नये, याकडे पावले टाकण्याचे आदेशही त्याच निकालात आहेत. यंत्रे आहेत, पण जेथे गल्ली अरुंद आणि कंत्राट स्वस्त तेथे अजूनही माणूसच उतरतो. अशा ठिकाणी भिंतीवर बाबांचे चित्र रंगवणे सोपे आहे. ऋणमोचनच्या काठावरही निसरड्या जागेपाशी एखादी पाटी लावणे असेच सोपे होते. तेथे बाबांनी फावड्याने माती कापली.

दरवर्षी २० डिसेंबरला अमरावतीत त्यांची पुण्यतिथी पाळली जाते. गाडगेनगरात भजने होतात, पंगती उठतात, खेड्यापाड्यांतून माणसे येतात. जेवणानंतर पत्रावळी उचलायला आधी कोण वाकते, हे मात्र पाहणाऱ्याने स्वतः जाऊन पाहावे.